न कापलेली पानं

"मत नको, आधार आण," प्रबंधाचे मार्गदर्शक सर म्हणाले आणि त्यांनी तिचं प्रकरण परत तिच्याकडे सरकवलं. "एका तरी समीक्षकानं असं म्हटलंय का? नाहीतर हे गाळायचं."

गाळायचं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या लाडक्या कादंबरीकाराच्या प्रत्येक कादंबरीत एक बाई जेवता जेवता उठते, खुर्ची मागे सरकवते आणि दार उघडून निघून जाते. समीक्षक एकजात म्हणत, ती परत येते. पण परत आल्याचं कादंबरीकारानं कुठेच लिहिलेलं नाही, हे तिचं म्हणणं. या कादंबऱ्या तिला मावशीनं दिल्या होत्या, घर सोडून जाताना. "जातेय कुठे? येईल नाक घासत," सगळे म्हणाले होते. मावशी आली नाही.

ग्रंथपालांनी शोधून शोधून एक जाडजूड समीक्षाग्रंथ काढला. "कोणी वाचलेला नाही. छापखान्यातून आली तशी पानं अजून घडीला जोडलेलीच आहेत बघा." त्यांनी कागद कापायची बोथट सुरी पुढे केली. "सावकाश कापा. आणि जाताना खुर्ची आत सरकवा. सगळ्या खुर्च्या आत गेल्याशिवाय मी कुलूप लावत नाही."

पहिली घडी कापली आणि तिला हायसं वाटलं. उठणारी बाई, खुर्ची, दार, सगळं आलं होतं. घाईघाईत दुसरी घडी कापताना पानाचा कोपरा फाटला.

फाटक्या कोपऱ्याखाली छापलं होतं: 'ती गेली असं मानणारे वाचक उतावीळ असतात. ते याच पानाचा कोपरा फाडतात.'

तिनं पान उलटलं.

'अशा वाचकाच्या घरातून बहुधा एखादी मावशी गेलेली असते. पण ती परत आलीच. पुढची घडी कापा, खुर्चीत बसलेली दिसेल.'

सुरी घडीपर्यंत गेली आणि थांबली.

"कापा की," ग्रंथपाल म्हणाले. त्यांनी वाकून घडीच्या खालच्या फटीतून आत डोकावलं. "मजकूर आहे हो आत. 'ती मान खाली घालून...'"

"वाचू नका!" ती ओरडली. सुरी तिनं टेबलावर आपटली. "नाही कापणार. कोण हा मला सांगणारा? त्यानं बसवली म्हणून ती बसली होय? ती गेली म्हणजे गेली."

ग्रंथपाल बघतच राहिले. तिनं त्यांच्यादेखत खुर्ची आत सरकवली, घरी जाऊन एका बैठकीत प्रकरण पुन्हा लिहून काढलं आणि सकाळी सरांच्या हातात दिलं.

"आधार?" सरांनी विचारलं.

"नाही. गाळणारही नाही. नापास करायचं तर करा."

तिथून ती थेट ग्रंथालयात आली. ग्रंथपाल नुकतेच कुलूप काढत होते. पुस्तक कालच्याच जागी होतं आणि घडी तशीच जोडलेली होती.

तिनं वाकून फटीतून पाहिलं. आत कोरा कागद होता.

ग्रंथपालांनीही पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "काल होतं की इथं!"

तिनं मान वर केली. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, जिथं काल कोणीच बसलं नव्हतं, तिथली खुर्ची मागे सरकवलेली होती.