माप तुम्हीच घ्या!

लवंगेच्या तेलाचा वास आला ना, की अजूनही मला तो दवाखाना आठवतो, आणि आपण किती मूर्ख होतो तेही आठवतं.

गेले होते मी आमच्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. पण त्या दिवशी त्या रजेवर होत्या आणि खुर्चीपाशी उभा होता एक किडकिडीत तरुण डॉक्टर.

"दात घासताना रक्त येतं?"

"येतं. खालचा एक हलतोयसुद्धा. काढून टाका, म्हणजे सुटले मी!"

"एवढ्या लवकर हार मानता?" तो हसला. मग बारीक सळीने हिरड्या तपासत राहिला... आणि चाचरत म्हणाला, "रागावू नका, पण... रक्तातली साखर कधी तपासलीत? वजन वाढलंय का अलीकडे?"

झालं! गळ्यातल्या कागदी रुमालासकट मी ताडकन उठले. "अहो डॉक्टर, मी दात दाखवायला आलेय. वजनावर बोलायला घरी आत्या आहेत, त्या पुरेशा आहेत!"

तो मात्र गंभीर होता. "आत्या दिसण्यावर बोलत असतील. मी दातांवरच बोलतोय. अंगात चरबी फार साठली की शरीर आतून धुमसत राहतं. साखर वाढते, हिरड्या सुजतात. आणि सुजलेल्या हिरड्या साखरेला आटोक्यात येऊ देत नाहीत. नुसते दात साफ करून मी तुम्हाला फसवणार नाही."

माझ्या जाडेपणावर इतकं सरळ आणि इतक्या मायेने कुणी बोललंच नव्हतं. मी पुन्हा खुर्चीत बसले.

साखर निघाली अगदी मधुमेहाच्या काठावर. मग औषधं सुरू झाली, गोड सुटलं, आणि मी कामाला होते त्या शिवणकामाच्या दुकानातून संध्याकाळी चालत दवाखान्यात जाऊ लागले.

"आज कुठवर चाललात?" तो विचारायचा.

"इथवर."

"मग उद्याही या ना..." म्हणायचा, आणि स्वतःच कानापर्यंत लाल व्हायचा. "म्हणजे... चालायला!"

मी घरी जाईपर्यंत एकटीच हसत असायचे. आई म्हणायची, "काय गं, लागलंय काय तुला?"

हळूहळू रक्त थांबलं, दात घट्ट बसला. वजन मात्र थोडंसंच उतरलं होतं. आणि एक दिवस तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "यापुढे तुम्हाला बाई तपासतील. मी सांगितलंय त्यांना."

आपण उगाच हुरळून गेलो, दुसरं काय! जाड्या मुलीशी चार शब्द गोड बोलला, तर लगेच स्वप्नं पाहायची? "बरं," एवढंच म्हणाले आणि निघाले. आठवडाभर माझी एकही शिवण सरळ आली नाही.

मग एका दुपारी स्वारी आमच्या दुकानात हजर! बगलेत पांढऱ्या कापडाची गुंडाळी. "कोट शिवायचाय."

"हात वर करा," मी टेप काढला.

"रागावलात?"

"मी कोण रागावणारी? कंटाळा आला, पेशंट देऊन टाकला दुसऱ्याला. आम्हा जाड्या माणसांना सवय असते."

"अहो, काहीतरीच काय!" तो एकदम कळवळला. "तुम्ही खुर्चीत बसलात की माझा हात थरथरायचा... तुमच्या हिरडीला इजा झाली असती. बाईंनी ओळखलं. म्हणाल्या, एक तर उपचार कर, नाहीतर प्रेम कर. मी... उपचार सोडले."

मशीनची घरघर थांबली. मालकीणताई कान टवकारून बसल्या होत्या.

"आणि मी बारीक झालेच नाही तर?" माझा आवाज मलाच ऐकू येईना.

"बारीक माणूस मी रोज आरशात बघतो, त्यात काही राम नाही. तुम्ही फक्त ठणठणीत राहा. खूप वर्षं."

टेप त्याच्या छातीभोवती होता आणि त्यावरचे आकडे मला दिसेनात. डोळे भरून आले होते, बोटं ऐकत नव्हती. शेवटी मी मागे वळले.

"ताई," मी म्हणाले, "यांचं माप... तुम्हीच घ्या."