कोल्ड रूमची कडी

बसा जवळ. कृष्णा म्हणजे माझ्या साडूचा पोरगा, पाचोडचा. घरी मेंढरं. त्यांच्या घराण्यात पीएचडीला लागलेला पहिलाच, इथं शहरातल्या विद्यापीठात. नाव घेत नाय, आपलीच पोरं शिकतात तिथं. लई मोठा पसारा. कुठं प्रयोगशाळा, कुठं होस्टेल, मधी नुसती झाडी. दिवसा जत्रा, रात्री सामसूम.

गेल्या वैशाखातली अमावस्या. विभागाची लाईट दोन दिवस गुल. गाईड सर्जेराव सर परगावाहून आले आन् रात्रीच फोन केला. ‘कोल्ड रूममधलं बियाणं बर्फाच्या पेटीत भर. खराब झालं तर पीएचडी विसर.’

त्याच खोलीत आदल्या साली अक्षदा मेली होती, कृष्णाबरोबर पीएचडी करणारी. तिनं गाईड बदलून मागितला. सरांनी तिला आत कामाला धाडलं आन् कृष्णाला म्हणाले, ‘लाव कडी. डोकं थंड होऊ दे तिचं.’

त्यानं लावली.

‘मी काढतो, तू जा’ म्हणून सर थांबले, आन् कडी न काढताच घरी गेले. आत उणे वीस अंश. सकाळी पोरगी लाकडागत. अपघात म्हणून मिटलं. डिग्रीपायी कृष्णानं तोंड उघडलं नाय.

तर तो टॉर्च घेऊन गेला. दाराला कडी. आतून... टक. टक.

‘कोण हाय?’

‘कृष्णा... काढ ना.’

त्यानं सरांना फोन लावला. ‘सर, आत अक्षदा हाय.’

‘उघडू नको! आलो मी.’

पण पुन्हा तिला तसंच सोडवंना. त्यानं कडी काढली.

आत कुणी नाय. तो पुढं सरकला. मागं दार लागलं. बाहेरून कडी पडली.

बऱ्याच वेळानं बाहेर बूट वाजले. कृष्णा दारावर मुठी आपटत ओरडला, ‘सर, मी कृष्णा! काढा!’

बूट दाराशी थांबले.

मग सरांचा आवाज. अगदी हळू.

‘अक्षदा... पड तशीच.’

बूट लांब गेले.

सकाळी वॉचमन फकिरानं दार उघडलं. पोरगा जित्ता होता. सर सगळ्यांना म्हणाले, मला तर पोरीचाच आवाज आला. ते आजून शिकवतात तिथं.

पण फकिरा मला सांगत होता... लाईट नव्हतीच. खोली भट्टीसारखी तापलेली. तो आत शिरला तर घामानं निथळला.

आन् कृष्णाची बोटं... दहाच्या दहा... गोठून काळी पडलेली.