निकड शून्य

धवळीपाड्याचं गोदाम बांधलं तेव्हा त्यात दुधाची भुकटी आणि शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं राहणार होती. आता त्यात मुलं ठेवलेली होती.

सातपुड्यातल्या त्या लांबट, पत्र्याच्या इमारतीत मांडणीच्या प्रत्येक खणात पारदर्शक झाकणाची एक पेटी होती आणि प्रत्येक पेटीत एक मूल. अंग गार, ओठ फिकट. श्वास इतका संथ की तो थांबलाच असं वाटावं, आणि मग छाती हळूच वर यावी. उज्ज्वला गजभिये ही इथली पुरवठा अधिकारी. नागपूरहून ती आली होती ट्रक, रस्ते आणि पोती सांभाळायला. हल्ली गोदाम थंड ठेवणं एवढंच तिचं काम उरलं होतं.

दर बाजाराच्या दिवशी गुमानी पावरा यायची आणि खालच्या रांगेतल्या एका पेटीशी फतकल मारून बसायची. त्या पेटीत तिची थोरली मुलगी वेस्ती होती. चार वर्षांपूर्वी झोपवली तेव्हा ती सहा वर्षांची होती, आजही सहाचीच दिसत होती. धाकटी जमना तेव्हा तीन वर्षांची, आईच्या कडेवर होती. आता ती वेस्तीहून चार बोटं उंच झाली होती.

त्या दिवशी गोदामात डॉ. इरावती रेगे आल्या होत्या. ज्या औषधानं ही मुलं झोपली होती ते ‘मंदप्राण’ त्यांनीच शोधलं होतं. गुमानीनं त्यांची वाटच अडवली.

"बाई, माझी पोर मेलीय का जिती आहे, ते एकदा सांगा."

डॉक्टर तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "जिवंत आहे. रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकता ना तुम्ही? मग लाकूड जळत नाही, पण विस्तवही विझत नाही. काही प्राणी हिवाळाभर असेच झोपतात. शरीर गार पडतं, काळीज सावकाश चालतं, अंगातली चरबी जपून वापरली जाते. आमचं औषध मेंदूला तेच सांगतं. उपाशी मूल दोन दिवसांत गेलं असतं, ते असं महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं तगतं."

"राख सकाळी काढतात," गुमानी म्हणाली.

डॉक्टर म्हणाल्या, "काढली की विस्तव फुलवायला लाकूड लागतं. मूल जागं होताना अंगात उरलंसुरलं सगळं जाळून टाकतं. त्यानंतर त्याला थोडं थोडं दूध, मग पाकिटं, असं महिनाभर न चुकता द्यावं लागतं. अन्न हाताशी नसताना उठवलं तर चार-पाच दिवसांत संपेल ते."

"मग अन्न आणा."

गुमानी उठून गेली. तिच्या मागून जमनाही गेली. तिनं पेटीकडे वळूनही पाहिलं नाही.

उज्ज्वलानं डॉक्टरांना आपल्या खोलीत नेलं आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "ती म्हणाली ना, अन्न आणा. हे बघा मी कसं आणते ते."

दुष्काळ अर्ध्या जगात होता आणि अन्न थोडं. म्हणून कुठल्या केंद्राला आधी ट्रक द्यायचे हे अन्न वाटणाऱ्या संस्थेच्या मुख्यालयातलं यंत्र ठरवत असे. येत्या आठवड्यात कुठे किती मुलं मरण्याची शक्यता आहे, त्याचं गणित करून ते प्रत्येक केंद्राला एक आकडा देई. त्याला निकडांक म्हणत. ज्याचा आकडा मोठा, त्याचा ट्रक आधी; ठरलेल्या रेषेच्या खाली असेल, त्याला ट्रकच नाही.

पडद्यावर धवळीपाड्यापुढे शून्य होतं.

"मंदप्राणातलं मूल मरत नाही," उज्ज्वला म्हणाली. "म्हणून त्याची निकड शून्य. चार वर्षं मी दर महिन्याला मागणी पाठवतेय आणि दर महिन्याला उत्तर येतं, परिस्थिती आटोक्यात आहे. गेल्या वर्षी तर अभिनंदन आलं, सातपुड्यात एकही बालमृत्यू नाही म्हणून. जेवण तेवढं पाठवलं नाही."

"माझ्या शोधनिबंधात तीन आठवडे लिहिलं होतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "रस्ता तुटला, ट्रक अडकला, तर तेवढ्यापुरता वेळ मिळावा म्हणून. मी मुख्यालयाला कितीदा लिहिलं, उज्ज्वला."

"लिहिलंत! तुम्ही मुलांसाठी वेळ मिळवलात आणि तो यांनी खिशात घातला. पूर्वी मूल रडायचं, आई रडायची, कुणीतरी फोटो काढायचं, लाजेकाजेनं का होईना गाडी निघायची. तुम्ही त्यांचं रडणंच बंद केलंत, डॉक्टर. आता कोण येणार?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुला काय करायचं आहे?"

"खालची रांग उठवायची आहे."

"तुझ्याकडे महिन्याचं अन्न नाही."

"आठवड्याचं आहे. बाकीचं यंत्र पाठवेल. जागं मूल मरू शकतं, हे त्याला कळतं."

"हा मुलांच्या जिवाशी जुगार आहे!"

"आणि हे काय आहे?" उज्ज्वलानं भिंतीवर हात आपटला. भिंतीपलीकडे शीतयंत्राची घरघर चालू होती.

दुसऱ्या दिवशी तिनं खालच्या रांगेतल्या मुलांच्या आईबापांना गोदामासमोर बोलावलं आणि काही न लपवता सांगितलं. अन्न आठवड्याचं आहे. ट्रक येतील असं मला वाटतं, पण मी शब्द देऊ शकत नाही. नाही आले तर मुलं जातील. काहीजण उठून निघून गेले. एक आजोबा तिला शिव्या देत राहिले आणि तिनं त्या ऐकून घेतल्या. गुमानी फक्त हो म्हणाली. तिच्यानंतर रुमल्या नावाचा तरुण बाप हो म्हणाला. त्याचा सेल्या झोपला तेव्हा चार वर्षांचा होता. बायको मागच्या उन्हाळ्यात वारली, ते त्या मुलाला ठाऊकही नव्हतं.

पंचवीस मुलं उठवायची ठरली. डॉक्टरांनी आपली गाडी परत पाठवली आणि बाह्या दुमडल्या. "उठवायचंच असेल तर ते माझ्या हातून व्हायला हवं," एवढंच त्या म्हणाल्या.

पेट्या हळूहळू उबदार होत गेल्या. मुलं आधी थरथरली. मग त्यांच्या गालांवर रंग आला, आणि मग गोदामात चार वर्षांत कुणी ऐकला नव्हता तो आवाज उठला. एक मूल रडलं, त्याच्यामागे दुसरं, आणि बघता बघता सगळी रांग भुकेनं रडू लागली. बाहेर बसलेल्या बाया धावत आत आल्या.

वेस्तीनं डोळे उघडून आईकडे पाहिलं. आईचे केस पिकले होते.  मग जमनाकडे बोट करून तिनं विचारलं, "ही कोण?"

"तुझी बहीण."

"माझी बहीण बारकी आहे," वेस्ती म्हणाली आणि रडायला लागली. जमनानं चमचाभर दूध तिच्या तोंडाशी धरलं. बारक्या पोराला भरवावं तसं ती तिला भरवत होती.

उज्ज्वलानं जाग्या मुलांची नोंद पाठवली. पडद्यावरचा आकडा शून्यावरून हलला, दुपारपर्यंत चढत गेला, आणि मग अडला. ट्रक सुटण्याच्या रेषेच्या जरासा खाली. उज्ज्वलानं मुख्यालयाला फोन केले, रडण्याचा आवाज ऐकवला, विनवण्या केल्या, आरडाओरडा केला. पलीकडची मुलगी सौजन्यानं म्हणाली, "मॅडम, यंत्राचा निर्णय आम्हाला बदलता येत नाही. तुम्ही मुलांना परत झोपवू शकता का?"

ते शक्य नव्हतं. त्यांच्या अंगात पुन्हा झोपण्यापुरतंही काही उरलं नव्हतं.

दूध संपत आलं तशा डॉक्टर घोट मोजून देऊ लागल्या. दहाव्या दिवशी सकाळी सेल्यानं बापाच्या मांडीवर जीव सोडला. जागा झाल्यापासून तो आईला हाका मारत होता आणि रुमल्या त्याला सांगत होता, येईल, पाणी आणायला गेलीय.

उज्ज्वलानं मृत्यूची नोंद पाठवली. पडद्यावरचा आकडा त्या क्षणी रेषेच्या वर गेला. तासाभरात निरोप आला. नऊ ट्रक निघाले आहेत.

ट्रक आले. दूध आलं, पाकिटं आली, वरच्या रांगांनाही पुरेल इतकी. पोती उतरत असताना रुमल्या बाजूला उभा होता. त्यानं शांतपणे विचारलं, "ताई, माझा सेल्या गेला म्हणून गाडी आली ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. "हो," उज्ज्वला म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि पोतं उतरवायला हात लावला. ते पाहून डॉक्टर रेगे आत गेल्या. आपण काहीच शोधून काढलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्या आयुष्यात प्रथमच मोठ्यानं म्हणाल्या. तिथे ऐकायला कुणी नव्हतं.

वरच्या रांगा उठल्या. गोदामात पुन्हा पोती रचली गेली. धवळीपाड्याचा आकडा परत शून्यावर आला, आणि उज्ज्वलानं संस्थेला लांबलचक पत्र लिहिलं की झोपलेली मुलं यंत्राच्या गणितात धरा. उत्तर आलं, सूचना विचाराधीन आहे.

मग फोन आला. आवाज तरुण होता, नम्र होता. मराठवाड्यातल्या एका केंद्राचा पुरवठा अधिकारी. त्याच्याकडेही तीन वर्षांपासून झोपलेल्या मुलांचं गोदाम होतं.

"ताई, तुमच्याकडचं कळलं. एक विचारायचं होतं." तो अडखळला. "एक गेलं की नऊ ट्रक सुटतात, की दोन जावी लागतात?"

उज्ज्वलाच्या तोंडून त्याला, संस्थेला, यंत्राला उद्देशून जे निघालं ते तिनं आधी कधी कुणाला म्हटलं नव्हतं. तो ऐकत राहिला, फोन त्यानं ठेवला नाही. त्याच्या मागे बायांचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी विचारत होतं, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या त्या?

"किती मुलं आहेत तुझ्याकडे?" शेवटी तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं.

उज्ज्वलानं डोळे मिटून हिशेब केला आणि त्यानं विचारलेला आकडा त्याला सांगितला.