बपेऱ्याचं शिबिर

डिसेंबर १९७९. तुमसरच्या कॉलेजात नोटीस बोर्डापुढे ही गर्दी! टाचा उंचावून वाचता वाचता मी थबकलेच. राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, मुक्काम बपेरा... आणि यादीत माझं नाव – चंद्रकांता!

"हे कोनं लिहिलं?"

"मीनं." मागे भोजराज उभा होता. बी.ए. भाग दोनचा, शिबिराचा गटप्रमुख. "वादविवादात तुमी बोलल्या ना, तं सारा हॉल चूप झाला होता. तुमी शिबिरात पाहिजेच."

"मले विचारलं काहून नाही? खोडा आधी!"

त्याचे कान लाल झाले. त्यानं मुकाट्यानं नाव खोडलं.

"आता पेन द्या इकडे," मी म्हटलं... आणि खाली माझ्या हातानं पुन्हा लिहिलं.

पण बाबांची सही? परवानगीच्या कागदावर ती लागणारच होती.

रविवारी एस.टी.नं भोजराज आमच्या गावी, नाकाडोंगरीला आला, शिबिराच्या मॅडमची चिठ्ठी घेऊन. खळ्यावर धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालली होती. बाबा म्हणाले, "दहा दिवस पोरगी परगावी? लोक काय म्हनतीन?"

"काकाजी, मॅडम संगं राहतीन. माही बहीणबी येऊन राहिली."

बाबा पुन्हा कामाकडे वळले. भोजराजनं स्वेटर काढला आणि सरळ धानाचा पेंढा, तणस, झाडायला लागला. दुपार झाली तरी थांबेना. मी पाण्याचा गडवा नेला.

"हात सोलले ना?" मी हळूच विचारलं.

"काकाजीले सांगू नका..." तो हसला.

बाबांनी पाहिलंच होतं. "चंद्रे, पेन आन," ते म्हणाले. हुश्श! माझा जीव भांड्यात पडला.

बपेऱ्यात आम्ही शाळेचा रस्ता बांधला. मी माती वाहिली, गावच्या बायांपुढे उभी राहून बोलले. समारोपाला तर बाबा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते!

लोक पांगले. नव्या रस्त्याच्या कडेला भोजराज आला.

"आमचे बाबा तुमच्या घरी येतो म्हनतेत... मागणी घालाले. तुमची मर्जी नसंन तं मी त्याइले थांबवतो. मले मात्र... तुमीच पाहिजे."

मी त्याच्याकडे सरळ पाहिलं. मग म्हटलं, "येऊ द्या. पन बी.ए. पुरं झाल्याबिगर लगन नाही."

तो तिथंच मातीच्या ढिगावर बसला.

"काय झालं?"

"काही नाही... पाय थरथरून राहिले."

मीही शेजारी बसले. माझेही थरथरत होते.