भुऱ्याचा पुढचा पाय

"हा… हा भुऱ्या आहे?" धाकटीने दारातूनच विचारलं, आणि ताईच्या हातातलं बॉलपेन जिथल्या तिथे थबकलं!

महिन्याकाठी औषधांची पिशवी उंबऱ्यात ठेवून "येते" म्हणणारी ही बहीण आज सरळ टेबलापाशी आली.

घर खायला उठतं म्हणून ताई वाचनालयातल्या मोठ्यांच्या चित्रकला वर्गाला जाऊ लागली होती. जन्मभर शिवणकाम केलेली ती. कापडावरची खडूची रेघ चुकली तर झटकून टाकायची सवय! तिथल्या शिक्षिकेने मात्र पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या हाती साधं निळं बॉलपेन दिलं. "आवडता प्राणी काढा. खोडायचं नाही. रेघ चुकली तर तिचाच केस करा, सावली करा, पण पुढे चला." ताईचा हात आपसूक भुऱ्याकडे, त्यांच्या जुन्या कुत्र्याकडे वळला! आधी डोळे, मग तो मुडपलेला कान, मग बारीक बारीक रेघांनी अंगावरचे केस… आणि कितीतरी वर्षांनी त्या एकाकी घरात तिला कोणाची तरी सोबत वाटली.

"फाटक उघडं टाकून तूच त्याला घालवलंस," धाकटी चित्राकडे बोट दाखवत म्हणाली, "आणि आता चित्र काढत बसलीयेस? जड झाला होता तो तुला! कबूल कर ना एकदाचं!"

ताईने मान खाली घातली. आई गेल्यापासून जिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, जिच्यासाठी स्वतःचा संसार मांडायचाही राहून गेला, तिच्याच डोळ्यांत हा तिरस्कार… एका वाक्याने तो पुसला गेला असता, पण ते वाक्य ताईने केव्हाच गिळून टाकलं होतं.

धाकटी प्राण्यांची डॉक्टर. रागातही तिची नजर सवयीने चित्रावरून फिरली आणि पुढच्या पायावर अडकली. सगळ्या अंगावर दाट केस, अन् तिथे मात्र एक कोरा चौकोन! तो कधी सुटला हे ताईलाही कळलं नव्हतं. हाताला जे आठवलं ते हाताने काढलं होतं. तिने घाईघाईने पेन टेकवून तिथे केस भरायला सुरुवात केली.

"थांब, ताई. हात काढ." धाकटीने तिचं मनगट धरलं. "सलाईन लावताना इथले केस काढतात. मी रोज काढते. पळून गेलेल्या कुत्र्याच्या पायावर हे कुठून आलं?"

ताईने पेन खाली घेतलं. "तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी परीक्षा होती गं… तू अभ्यासाला मैत्रिणीकडे गेलीस आणि तो एकदम कोसळला. उचलून नेला मी दवाखान्यात. डॉक्टरांनी खूप केलं, पण… माझ्या मांडीवरच गेला तो. तुझी परीक्षा बिघडू नये म्हणून सांगितलं, माझ्याकडून फाटक उघडं राहिलं आणि तो पळाला."

"मग नंतर का नाही सांगितलंस? इतकी वर्षं?"

"नंतर तू म्हणायला लागलीस, कोणाच्या तरी घरी असेल, पोटभर खात असेल. रस्त्यात भुरकट कुत्रं दिसलं की वळून वळून बघायचीस. कोणत्या तोंडाने सांगणार होते? तुझा राग सोसला मी, पण तुझी ती आशा मोडणं… नाही झालं माझ्याच्याने!"

धाकटी ताईच्या पायाशी खाली बसली.

"त्या संध्याकाळी तू माझ्याबरोबर गल्लोगल्ली फिरलीस, ताई. घसा बसेपर्यंत त्याला हाका मारल्यास… तो गेलाय हे माहीत असून?"

"हो."

"का गं?"

ताईने डोळ्यांना पदर लावला. "तू एकटीच हाका मारत होतीस ना…"

धाकटीच्या तोंडून हुंदका फुटला! लहानपणी टेकायची तसं तिने ताईच्या मांडीवर डोकं टेकलं, आणि ताईने चित्र बाजूला सारून तिच्या केसांतून हात फिरवायला सुरुवात केली.