नळकांड्यातले बुडबुडे

"बाई, माझ्या हातची जोडणी आजवर गळलेली नाही हो!" चौकशीला आलेल्या वहिनींना काकू म्हणाल्या.

कारखान्यात सगळे त्यांना काकूच म्हणत. समुद्राच्या तळाशी बसणाऱ्या पोलादी नळकांड्यांत झाकणातल्या भोकातून संदेश वाहणारी, केसाएवढी काचेची तार शिरते. तारेभोवतीची फट राळेने बुजवायची, हे काकूंचं काम. आज संध्याकाळी चाचणीच्या टाकीत एका झाकणातून बुडबुडे आले. जहाज धक्क्यावर खोळंबलं आणि कारखान्याच्या साहेबांनी खापर काकूंवर फोडलं.

वहिनींबरोबर आलेल्या त्यांच्या दिरांना, भाऊजींनाही, चूक काकूंचीच वाटत होती. पण त्यांच्या गुप्तहेर वहिनी असल्या वाटण्यावर चालत नसत.

"ही जोडणी कधी केलीत?"

"सकाळीच. बाकीच्या झाकणांबरोबर भट्टीत भाजली."

"खरंय," साहेब म्हणाले. "भट्टीचं दार उघडलं की कारखानाभर घंटा वाजते. सकाळी वाजली, नंतर नाही. दुपारी तर मी जहाजावरच होतो."

वहिनींनी झाकणं निरखली. सगळ्यांवरची राळ विटेसारखी लाल. गळक्या झाकणावरची मात्र पिवळी.

"रंगाचं काय घेऊन बसलात, वहिनी?" भाऊजी पुटपुटले.

चाचणीवाला ठसक्यात म्हणाला, "मी फक्त बंद नळकांडी उचलतो, तीही जाड हातमोजे घालून. तारेला माझं बोट लागत नाही."

त्याने पाण्याचा पेला उचलला, तर्जनी अलगद वर धरून.

वहिनी हसल्या. "ही राळ भाजली की लाल होते. पिवळी राहिली, म्हणजे तिने भट्टी पाहिलीच नाही. काकूंची तर सकाळीच भाजून झाली होती. मग ही राळ काकूंची नव्हेच! दुपारी कुणीतरी झाकणात नवी तार बसवली आणि घंटा वाजेल म्हणून भट्टी टाळली. काकू कशाला घंटेला भितील? साहेब जहाजावर. उरलात तुम्ही, चाचणीवाले; नळकांडी दुपारभर तुमच्याच ताब्यात होती."

"पुरावा?"

"तार बसवण्याआधी तिचं प्लास्टिक सोलतात. उघडी काच बोटात घुसते. हातमोज्यातल्या बोटात नाही. पेला धरताना वर राहिलेली ती तर्जनी दाखवा."

वहिनींच्या भिंगाखाली त्याच्या तर्जनीत काचेचं कुसळ लखलखलं.

चाचणीवाल्याने हात मागे घेतला. "झाकण हातातून पडलं... तार तुटली. नोकरी जाईल म्हणून घाबरलो."

भाऊजींनी पिवळी राळ पुन्हा एकदा निरखली.

काकूंनी पदर खोचला. नवी तार सोलली, राळ भरली, भाजली. नळकांडं टाकीत उतरलं आणि सगळे बुडबुडे शोधायला टाकीवर वाकले. पाणी आरशासारखं स्तब्ध राहिलं.

साहेबांनी सगळ्यांदेखत हात जोडले. "काकू, चुकलो. माफ करा."

"माफीचं नंतर बघू," काकू कडाडल्या. "आधी नळकांडं जहाजावर चढवा!"

टाळ्यांनी कारखाना दणाणला.