कोरड्या उन्हातला वायपर

"सोमवारी माझे मालक कोर्टात गुन्ह्याच्या कबुलीवर सही करणार, ताई. सही झाली की संपलंच."

स्वाती खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती. मांडीवर दोन वर्षांची मुलगी झोपलेली. झोपेतही तिने आईचं मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलं होतं.

खासगी तपास करणाऱ्या सुषमा बोरसेने सुरतच्या उधन्यातल्या आपल्या छोट्या ऑफिसचा पंखा हळू केला. पोरीला गार लागू नये म्हणून. शेजारी तिचा मदतनीस वाल्मिक बसला होता. पन्नाशीचा, घाईने मत बनवणारा.

हकिकत सरळ होती. स्वातीचा नवरा सागर जॉर्जियातल्या तुरुंगात होता. त्याचा चुलतभाऊ योगेंद्र, पलसाण्याच्या डाइंग कारखान्याचा मालक, बायको आणि तान्ह्या बाळाला घेऊन सुट्टीला तिकडे गेला. गाडी भाड्याने घेतली. आंतरराष्ट्रीय परवाना फक्त सागरकडे, म्हणून त्याला सोबत नेलं. करारावर चालक म्हणून त्याचंच एकट्याचं नाव. डोंगरातल्या एका फाट्यावर गाडीने म्हाताऱ्या मेंढपाळाला उडवलं. मेंढपाळ जागीच गेला. सागरने सांगितलं, मी चालवत होतो. बाकीचे सुरतला परतले.

"सहा वर्षं शारजात टॅक्सी चालवली त्यांनी. कुणाला साधा धक्का नाही," स्वाती म्हणाली. रडू आलं की तिची अहिराणी बाहेर यायची. "मन्हा मालकनी हाई करेल नही, ताई. त्यांनी हे केलेलंच नाही. फोनवर एवढंच म्हणतात, पोरीला जप."

"कुणी पाहिलं होतं?"

"फाट्यावर चीज विकणारी एक आजी. ती म्हणते, गाडीने वळायचा इशारा दिलाच नाही, म्हणून म्हातारा पुढे झाला. पण तिचं म्हणणं कुणी खरं धरलं नाही."

"का?"

"ती असंही म्हणते की गाडीचे वायपर चालू होते. आणि त्या दिवशी तर कडक ऊन होतं. तिकडे कोर्टाने दिलेला वकील म्हणाला, भ्रमिष्ट आहे."

वाल्मिक हसला. "उन्हात वायपर! आजीला मोतीबिंदू, दुसरं काय?"

सुषमा हसली नाही.

पलसाण्याला रंगाचा उग्र वास गाडीच्या बंद काचांतूनही आत येत होता. योगेंद्र घाईत होता. "बोलायचं तर गाडीत बसा," म्हणत त्याने दोघांना आपल्या जर्मन गाडीत घेतलं होतं.

"मी पुढे बसलो होतो, सागरच्या बाजूला. डोळा लागला होता माझा," तो म्हणाला. "सागर माझा भाऊ आहे, बेन. पण चूक त्याची. कायदा कायदा आहे."

"वकील दिला तुम्ही?"

"देणार ने. सीझन चालू आहे, बघताय ना." त्याचा फोन वाजला. उजव्या हातात फोन, त्याच हाताच्या कोपराखाली स्टेअरिंग. डाव्या हाताने इशाऱ्याची दांडी उचलून त्याने गाडी हायवेला घातली.

उतरल्यावर वाल्मिक पुटपुटला, "हाच. पक्का हाच. फोनवर बोलत गाडी चालवतो, लेकाचा."

योगेंद्रची बायको उज्ज्वला त्यांना घराखालच्या पार्किंगमध्येच भेटली. कडेवर सात महिन्यांचं बाळ. ती आपल्या लाल, छोट्या गाडीतून पिशव्या काढत होती. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं.

"ही तुमची गाडी?"

"लग्नाआधीपासूनची. हे म्हणतात विकून टाक. पण हात बसलाय ना हिच्यावर."

सुषमाने वाकून आत डोकावलं. "अपघात झाला तेव्हा तुम्ही?"

"मी मागे. ह्याला पाजत होते. खाली मान घालून. काही पाहिलंच नाही." बाळाच्या डोक्यावरून तिचा हात फिरत राहिला. "बिचाऱ्या म्हाताऱ्याने हातसुद्धा वर केला होता हो. आपण आस्ते म्हणतो ना, तसा."

परतताना सुषमाने वाल्मिकला स्कूटर थांबवायला लावली. "स्वातीला बोलव. आज संध्याकाळीच."

योगेंद्रच्या हॉलमध्ये कुणीही चहाला हात लावला नाही.

"आजी भ्रमिष्ट नाही," सुषमाने सुरुवात केली. "इशारा दिला नाही आणि वायपर चालू होते, ही एकच चूक आहे. त्या देशात स्टेअरिंग डावीकडे. इशाऱ्याची दांडी डाव्या हाताला, वायपरची उजव्या. आपल्या नेहमीच्या गाड्यांत नेमकं उलटं. वळायचं म्हटलं की आपला उजवा हात आपसूक दांडी ढकलतो. तिथे तसं केलं, तर काच पुसली जाते आणि मागच्या-पुढच्याला काहीच कळत नाही."

"म्हणजे शेठच!" वाल्मिक उठला.

"बसा, वाल्मिकभाऊ. शेठची गाडी जर्मन, तिच्यात इशारा डावीकडेच असतो. सकाळी उजव्या हातात फोन होता, तरी इशारा दिलाच ना? डाव्या हाताने. त्यांची ही चूक व्हायची नाही. सागर शारजात सहा वर्षं तसल्याच गाड्या चालवायचा. त्याचीही नाही."

उज्ज्वलाच्या पदराखाली बाळ चुपचुप दूध पीत होतं.

"लाल गाडीत इशारा उजव्या हाताला आहे. मी पाहिलाय. आणि उज्ज्वलाबेन, खाली मान घालून मागे बसलेल्या बाईला म्हाताऱ्याचा वर झालेला हात दिसत नाही. तो समोरून दिसतो. स्टेअरिंगवरून."

योगेंद्र ओरडला, "एक शब्द बोलू नकोस! पुरावा काय हिच्याकडे?"

"तुम्हा दोघांशिवाय काहीच नाही," सुषमा शांतपणे म्हणाली. "म्हणून तर इथे आले. सोमवारच्या आत तिकडच्या कोर्टाला कुणीतरी खरं सांगायला हवं."

उज्ज्वलाने नवऱ्याकडे पाहिलंच नाही. "मीच म्हटलं, रस्ता रिकामा आहे, मला एकदा चालवू दे. सागरभाऊ नको म्हणत होते. करारात नाव नाही वहिनी, म्हणाले. मी ऐकलं नाही. बाळ त्यांच्याकडे दिलं." तिने श्वास घेतला. "धडक बसल्यावर ते मागून उतरले. मला बाहेर काढलं, बाळ माझ्या हातात दिलं आणि स्वतः पुढे बसले. म्हणाले, वहिनी, अंगावर पितं पोर आहे, तुम्ही मागे बसा. ह्यांनी शब्द दिला होता, आठ दिवसांत सोडवतो म्हणून."

"पोराचा विचार कर, उज्ज्वला," योगेंद्र म्हणाला. आवाज आता खाली आला होता. "तुला तिकडे जावं लागेल. आत टाकतील तुला."

स्वातीने आपल्या झोपलेल्या मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "दादा, त्यांनी तुमच्या पोराचा विचार केला. माझ्या पोरीचा कोण करणार?"



उज्ज्वलाने बाळाला पदराखालून अलगद सोडवलं. ते चिडून रडू लागलं. तिने पदर सारखा केला, फोन उचलून सुषमापुढे धरला.

"सागरभाऊंच्या वकिलाला लावा," ती म्हणाली. मग स्वातीकडे वळली. "आत ओट्यावर वाटी-चमचा आहे, आण गं. दूध कोमट कर. ह्याला आजपासून वरचं लावते."